जागा देणारी माणसं

गेल्या वर्षी खात्याच्या एका प्रशिक्षणासाठी पाच दिवस हैदराबादला जाणं झालं. सरकारी कारकुनाच्या वाट्याला प्रवास येतो तो असाच. दिवसभर हिशेबाची व्याख्यानं ऐकायची, आणि संध्याकाळी जे दिसेल तेवढं शहर पाहून घ्यायचं. आमच्या राहण्याची सोय अफझलगंजमधल्या एका लॉजवर झाली होती. खोली एवढीशी, पण खिडकी उघडली की खाली अख्खा बाजार! तांदळाची पोती, डाळींचे ढीग, सुक्या मिरच्यांचा ठसका, हातगाड्या आणि त्या सगळ्यातून वाट काढणाऱ्या रिक्षा. आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची आठवण व्हावी. फक्त हा शुक्रवार इथे रोजच उगवतो.

'गंज' म्हटलं की आपल्या मराठी मनात आधी येतो तो लोखंडावर चढणारा गंज. इथला गंज म्हणजे धान्याची पेठ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका किराणा दुकानासमोर मी उगाच रेंगाळलो होतो. दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांना मी पेठेच्या नावाबद्दल विचारलं. त्यांनी वजनकाट्यावरून नजर न काढता सांगितलं, "निजाम साब जमीन दिये, हमारे बडे लोगां दुकानां डाले. तब से बैठेच हैं, साब."

चाचांनी दोन वाक्यांत सांगितलं तोच इतिहास. १८५७ ते १८६९ या काळात गादीवर असलेल्या पाचव्या निजामाने, अफझल-उद्-दौलाने, मुसी नदीच्या काठची ही जमीन धान्याच्या व्यापाऱ्यांना पेठ वसवायला दिली, आणि त्याच्याच नावावरून ती अफझलगंज झाली. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला महापूर आला तेव्हा हा सगळा भाग पाण्याखाली गेला. पुढे उस्मानिया रुग्णालय उभं राहिलं त्याच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे. त्या पुरात दीडशेच्या वर माणसं त्याच्या फांद्यांना धरून वाचली, असं सांगतात. निजाम गेले, संस्थान गेलं, राज्यं बदलली. पेठ मात्र दीडशे वर्षांनंतरही तिथेच बसून आहे.

चाचांचं ते "जमीन दिये" माझ्या मनात का रुतून बसलं, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

* * *

हैदराबादला जाण्याच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मी तेव्हा ज्या टेबलावर होतो, तिथे एक अर्ज आला. कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पाच मुला-मुलींचा. एका सरकारी इमारतीच्या मागल्या बाजूला दोन खोल्या कित्येक वर्षं बंद होत्या. त्यांत मोडक्या खुर्च्या आणि जुनी बाडं यांशिवाय काही नव्हतं. त्या खोल्या आम्हाला चित्रं आणि शिल्पं करण्यासाठी मिळाव्यात, साफसफाई आम्ही करू, विजेचं बिल आम्ही भरू, खात्याला लागतील तेव्हा रिकाम्या करून देऊ, असं त्यांनी लिहिलं होतं. अर्ज शुद्ध मराठीत होता, अक्षर देखणं होतं, आणि खाली पाच सह्या होत्या. प्रत्येक सही म्हणजे एक छोटं चित्रच.

मी टिपण लिहिलं. "प्रचलित नियमांत अशी तरतूद आढळून येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यास हरकत नसावी." एवढंच. साहेबांची सही झाली, फाइल बंद झाली. खरं सांगतो, त्या दिवशी मला काहीही वाटलं नाही. नियमात तरतूद नव्हती हे खरंच होतं. पण तरतूद कुठे करता येईल, कुणाला विचारता येईल, हे शोधण्याचेही मला पैसे मिळतात, हे मी विसरलो होतो.

काही महिन्यांनी चतुर्थीला बहिणीकडे गेलो. भाचीही त्याच महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेली. ती बाल्कांवात जमिनीवर बसून एवढ्याशा कागदावर काहीतरी रंगवत होती. मी आपलं मामाच्या अधिकाराने म्हटलं, "मोठं काही काढ की गं!" तिने मान वर केली. म्हणाली, "मामा, व्हडलें काडपाक जागो जाय." मग बोलता बोलता तिच्या एका मैत्रिणीचा विषय निघाला. त्या पाचांनी कुठल्याशा खात्याकडे अर्ज केला होता, तो फेटाळला गेला. ती मैत्रीण आता जाहिरातींचे फलक करणाऱ्या एका दुकानात लागली आहे. मी नेवरी हातात धरून बसलो. कुठलं खातं ते भाचीला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

* * *

अफझलगंजमध्येच, मुसीच्या काठावर, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. जुनं नाव आसफिया ग्रंथालय, स्थापना १८९१ ची. आताची भव्य इमारत १९३० च्या दशकातली. उंच छत, जाड भिंती, आणि परीक्षांचा अभ्यास करणारी शेकडो मुलं. तिसऱ्या संध्याकाळी मी तिथे जाऊन बसलो. मनात भाचीचा विषय होताच, म्हणून भारतीय चित्रकारांविषयीचा एक संदर्भग्रंथ काढला. आपल्या गोव्याची नावं शोधत पानं चाळताना एका नोंदीवर थांबलो. के. एच. आरा. जन्म १९१४, बोलारम, हैदराबाद संस्थान.

बोलारम म्हणजे सिकंदराबादच्या पलीकडचा छावणीचा भाग. मी बसलो होतो तिथून काही मैलांवर. आरा हे मुंबईचे, एवढंच आपण धरून चालतो. लहानपणीच आई गेलेला हा पोरगा वयाच्या सातव्या वर्षी घरातून पळून मुंबईला गेला. लोकांच्या घरी घरकाम केलं, गाड्या धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. चित्रकलेच्या शाळेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. मिळेल तेव्हा, मिळेल त्या कोपऱ्यात बसून तो चित्रं काढत राहिला. टाइम्स ऑफ इंडियात कलेवर लिहिणाऱ्या रुडी फॉन लायडन यांच्या नजरेला ती चित्रं पडली आणि आरांचं आयुष्य बदललं. १९४२ मध्ये रॅम्पार्ट रोवरच्या 'चेतना' या उपाहारगृहात त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं. चित्रकाराची सुरुवात उपाहारगृहाच्या भिंतीवर! कारण दुसरी भिंत होतीच कुठे?

पुढे १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. आमच्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा त्याचे म्होरके. बरोबर आरा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे. सहांपैकी हरी अंबादास गाडे अमरावतीकडचे आणि हुसेन पंढरपूरचे. बहुतेक सगळे बाहेरगावाहून मुंबईत आलेले, आणि जागेच्या नावाने बोंब! हा ग्रुप मोठा झाला तो आपल्या प्रतिभेवर, हे तर आहेच. पण प्रतिभेला टेकायला जागा देणारी काही माणसंही त्या मुंबईत होती. इतिहास लिहिताना ती माणसं तळटीपेत जातात. मला आज त्या तळटीपेतल्या माणसांबद्दलच लिहायचं आहे.

* * *

त्यांतले एक वॉल्टर लँगहॅमर. ऑस्ट्रियाचे चित्रकार. नाझी राजवट आली तेव्हा देश सोडून मुंबईत आले आणि टाइम्समध्ये कला-संचालक झाले. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरातला स्टुडिओ सुट्टीच्या दिवशी तरुण चित्रकारांसाठी उघडा असे. आरा, रझा आणि त्यांचे मित्र तिथे जात, लँगहॅमर रंग कसा लावतात ते पाहत, युरोपातल्या चित्रांची पुस्तकं पाहत, वाद घालत. शुल्क नाही, प्रवेशपरीक्षा नाही. स्वतः निर्वासित झालेला माणूस परक्या शहरात दुसऱ्यांना बसायला जागा देत होता.

दुसरे आपले आराच. पैसा फारसा मिळाला नाही, लग्न केलं नाही. पण मुंबईच्या काळा घोडा भागातलं, अडोर हाउसमधलं आर्टिस्ट्स सेंटर त्यांनी चिटणीस म्हणून वर्षानुवर्षं सांभाळलं. नवख्या चित्रकाराला प्रदर्शनासाठी भिंत मिळवून देणं, त्याची चित्रं चार लोकांना बोलावून दाखवणं, हे काम ते १९८५ मध्ये जाईपर्यंत करत राहिले. उपाहारगृहाच्या भिंतीवरून सुरुवात केलेल्या माणसाला भिंतीची किंमत कळत होती.

आणि तिसरं ठिकाण, ज्याच्याशी आपणा गोवेकरांचं फार जवळचं नातं आहे, ते म्हणजे वॉर्डन रोडवरचा भुलाभाई देसाईंचा बंगला.

भुलाभाई (१८७७-१९४६) हे नामवंत वकील. लाल किल्ल्यातल्या खटल्यात त्यांनी आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांची बाजू मांडली ती सगळ्यांना आठवत असेल. त्यांच्या मागे समुद्रालगतच्या त्या मोठ्या बंगल्यात त्यांची सून माधुरीबेन देसाई यांनी भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट चालवलं. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहाएक वर्षं या बंगल्याने जे पाहिलं, ते आपल्याकडे क्वचितच कुठल्या वास्तूने पाहिलं असेल. चित्रकारांना काम करण्यासाठी खोल्या, तेही नाममात्र भाड्याने. एका बाजूला हुसेन, दुसऱ्या बाजूला वासुदेव गायतोंडे, तय्यब मेहता. इब्राहिम अल्काझींच्या थिएटर युनिटच्या तालमी. पंडित रविशंकरांची 'किन्नर' ही संगीतशाळा. विजया मेहतांच्या 'रंगायन'लाही सुरुवातीच्या काळात याच छपराचा आधार मिळाला. म्हणजे आपल्या मराठी प्रायोगिक रंगभूमीचा आणि आधुनिक भारतीय चित्रकलेचा पाळणा एकाच घरात हलत होता!

गायतोंडे मूळचे गोव्याचे. जन्म १९२४ मध्ये नागपूरला, वाढले गिरगावातल्या चाळीत. १९४८ मध्ये जे. जे. मधून पदविका घेतली. मुलाने चित्रकार व्हावं हे वडिलांना पसंत नव्हतं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, घरच्यांच्या नाराजीत, मोठा कॅनव्हास उभा करून तासन् तास नुसतं त्याच्याकडे पाहत बसणं कसं शक्य होतं? आणि गायतोंड्यांची रीत तर तीच. पाहणं फार, रंगवणं थोडं. अशा माणसाला रंगांपेक्षा आधी लागते ती कुणी काही न विचारणारी जागा. ती त्यांना भुलाभाईच्या बंगल्यात मिळाली. याच वर्षांत त्यांच्या चित्रांतून आकार विरघळत गेले, आणि आज जगभर ओळखले जाणारे गायतोंडे घडले. २०१३ च्या डिसेंबरात त्यांचं एक चित्र मुंबईतल्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आकडे वाचून आपण तोंडात बोट घालतो. त्या नाममात्र भाड्याच्या खोलीचा हिशेब मात्र कुठल्याच लिलावाच्या पुस्तकात येत नाही.

गायतोंड्यांच्या बरोबर त्याच स्टुडिओत काम करणाऱ्या प्रफुल्ला जोशी, म्हणजे पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर, याही गोव्याच्या. जन्म १९३४. जे. जे. मधून १९५५ मध्ये सुवर्णपदक घेऊन बाहेर पडलेली ही तरुणी आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या, अबोल चित्रकाराशेजारी उभं राहून शिकली. नसरीन मोहमदी ही आणखी एक तरुण मुलगी. लंडनला शिकून आलेली. तिलाही गायतोंडे भेटले ते या बंगल्यातच. तिच्या रेषांच्या चित्रांवर त्या सहवासाचा ठसा जाणकार दाखवून देतात. २०१६ मध्ये न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर संग्रहालय उघडलं तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत एक नसरीनचं होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बंगल्यात नुसत्या खोल्या मिळत नव्हत्या, शेजार मिळत होता. घरी एकट्याने काम करणाऱ्या तरुणाला आपण बरं करतो की वाईट, हे सांगणारं कुणी नसतं. पलीकडच्या खोलीत आपल्याहून चांगलं काम चालू आहे, हे रोज दिसलं की माणूस आपोआप हात सैल सोडत नाही. कुणाचे रंग संपले तर कुणी देतं, कुणाकडे गिऱ्हाईक आलं तर तो शेजाऱ्याचंही चित्र दाखवतो. भिंतीपलीकडे सतार चालू असते, खाली नाटकाची तालीम. आमच्याकडे देवळाच्या मंडपात भजनाला बसणारी पोरं पेटी-तबला कुठे शिकतात? कुणी शिकवत नाही. शेजारी बसून शिकतात. तसंच हे.

* * *

आता या गोष्टीची दुसरी बाजू. भुलाभाई इन्स्टिट्यूट टिकलं नाही. १९६० च्या दशकातच ते पर्व आटोपलं. पुढे बंगलाही पाडला गेला आणि त्या जागी उंच इमारत आली. वॉर्डन रोडला मात्र भुलाभाईंचं नाव मिळालं. एका घरच्या माणसांच्या उदारपणावर उभं राहिलेलं घर त्या माणसांबरोबरच गेलं.

पॅरिसमध्ये 'ला रूश' नावाची अशीच एक वास्तू आहे. रूश म्हणजे मधमाश्यांचं पोळं. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला दारूचा एक मंडप आल्फ्रेड बूशे या शिल्पकाराने मोडीत घेतला, तो सांगाडा शहराच्या कडेला नेऊन उभा केला आणि १९०२ मध्ये त्यात गरीब कलावंतांसाठी खोल्या काढल्या. शागाल, सूतीन, मोदिल्यानी अशी माणसं तिथे वावरली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती वास्तूही पाडायची ठरली होती. कलावंत आणि त्यांचे चाहते उभे राहिले, पैसा जमवला, आणि ती वाचली. आजही तिथे कलावंत काम करतात. दोन्हीकडे देणारे सारखेच उदार होते. फरक पडला तो पुढे. एका ठिकाणी जागा वाचवायला माणसं संघटित झाली, दुसरीकडे ते घडलं नाही.

म्हणून मला पुन्हा अफझलगंजचे चाचा आठवतात. "बडे लोगां दुकानां डाले." निजामाने जमीन दिली हे अर्धंच झालं. ज्यांना दिली त्यांनी तिथे दुकानं मांडली, पुरानंतर पुन्हा मांडली, पिढ्यान्पिढ्या चालवली, तेव्हा कुठे पेठ टिकली. जागा देणारा एक असतो, जागा राखणारे अनेक लागतात.

हैदराबादनेही चित्रकाराला जागा दिल्याचं एक मोठं उदाहरण आहे. बद्रीविशाल पित्ती हे इथले समाजवादी कार्यकर्ते आणि 'कल्पना' या हिंदी मासिकाचे चालक. डॉ. राममनोहर लोहियांनी हुसेनना सुचवलं होतं की, श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी काय काढता, रामायण काढा. हुसेननी ते मनावर घेतलं आणि पित्तींच्या आश्रयाने हैदराबादेत बसून रामायणाची सुमारे दीडशे चित्रं केली. पंढरपूरचा चित्रकार, हैदराबादचं घर आणि विषय रामायण! बोलारमचा पोरगा जागा शोधत मुंबईला पळाला, आणि मुंबईत नाव झालेल्या चित्रकाराला जागा दिली ती हैदराबादने.

* * *

आपल्या गोव्याचं काय? आपली कहाणी जरा दुखरी आहे. जुवें बेटावरच्या, म्हणजे सांतु इस्तेव्हच्या, आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बसूंकडे धडे घेतले आणि ते गोव्यात परत आले. साडी नेसलेली मरियम त्यांनी रंगवली, ती इथल्या अनेकांना रुचली नाही. त्यांना काम करायला जागा मिळाली ती पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. आयुष्याची मोठी वर्षं त्यांनी तिथे काढली. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. चित्रं घरी परतली, चित्रकाराचं काम मात्र बाहेरच झालं. सोझा गेले, गायतोंडे मुंबईचे आणि पुढे दिल्लीचे झाले. मडगावचे लक्ष्मण पै यांनी लहानपणी मामाच्या मावजो फोटो स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग दिले, तीच त्यांची पहिली कार्यशाळा. त्यांनाही मुंबई आणि पॅरिस गाठावं लागलं. ते मात्र परत आले आणि १९७७ पासून दहा वर्षं आमच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य राहिले.

१९७२ पासून आपल्याकडे कला महाविद्यालय आहे, कांपालला चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली कला अकादमी आहे. शिकण्याची सोय झाली, दाखवण्याचीही झाली. पण शिक्षण संपल्यापासून पहिलं प्रदर्शन होईपर्यंतची जी पाच-सात वर्षं असतात, त्यांत त्या मुलांनी बसायचं कुठे? बहुतेक मुलं गळतात ती याच वर्षांत. त्यांना गुण नव्हता म्हणून नव्हे.

"हे सरकारचं काम नव्हे" असं माझ्या टेबलावरून म्हणणं सोपं आहे. पण दिल्लीत ललित कला अकादमीने १९७६ मध्ये गढी गावातल्या जुन्या वास्तूत कलावंतांसाठी स्टुडिओ सुरू केले. चित्रकार, शिल्पकार, छापचित्रकार, कुंभकार एकाच आवारात. जुनी पडीक वास्तू, सरकारी संस्था आणि नाममात्र भाडं. म्हणजे तरतूद करता येते. कुणीतरी टिपण वेगळं लिहावं लागतं, इतकंच.

* * *

हैदराबादहून परतल्यावर मी दोन गोष्टी केल्या. एक, ती जुनी फाइल काढून पाहिली. आता मी दुसऱ्या टेबलावर आहे, त्यामुळे मला त्यावर काही लिहिता येत नाही. पण आताच्या टेबलावरच्या मुलाला मी गढीच्या उदाहरणासह एक कच्चं टिपण करून दिलं आणि म्हटलं, "असा अर्ज पुन्हा आला तर निदान वर विचारणा तरी कर." तो हसला. मीही त्याच्या वयाचा असताना हसलो असतो.

दुसरी गोष्ट जास्त कठीण. फोंडा तालुक्यात आमचं वडिलार्जित घर आहे. आजोबांनी बांधलेलं, पुढे मोठा सोपा, उत्तरेकडून भरपूर उजेड. गेली अकरा वर्षं ते बंद आहे. वाटण्या झालेल्या नाहीत, इन्वेंटारी अर्धवट पडली आहे, आणि आम्हा चार चुलत भावंडांत कोण काय घेणार यावर एकमत नाही. गोव्यात अशी घरं किती असतील! एकेका वाड्यावर दोन-तीन तरी. दारावर कुलूप, कुलपावर आपला मराठी गंज. किल्ली माझ्याकडे. सरकारच्या दोन खोल्या बंद आहेत म्हणून मी हळहळत होतो, आणि स्वतःच्या घराची किल्ली कपाटात होती.

तिन्ही भावंडांना मी पत्रं लिहिली. फोनवर आमचं भांडण होतं, म्हणून पत्रं. फक्त पुढचा सोपा आणि बाजूची एक खोली, तीन वर्षांसाठी, लेखी करार करून. हक्क कुणाचाही जाणार नाही, आणि घर उघडं राहिल्याने वाळवी तरी लागणार नाही. दोघांनी होकार कळवला. मोठ्या दादाचं उत्तर अजून आलेलं नाही. त्याचीही चूक नाही. आयुष्यभर नोकरी करून त्याने त्या घराचं छप्पर दोनदा शाकारलं आहे. अनोळखी पोरं तिथे रंग सांडतील याची भीती त्याला वाटणारच. येत्या चतुर्थीला त्याच्याकडे जाऊन समोरासमोर बोलायचं ठरवलं आहे.

प्रफुल्लाबाईंना तरुणपणी भुलाभाईच्या बंगल्यात जागा मिळाली होती. पुढे आयुष्यभर त्यांनी आर्टिस्ट्स सेंटर, बॉम्बे आर्ट सोसायटी, जहांगीर आर्ट गॅलरी यांच्या कामात स्वतःला गुंतवून घेतलं आणि नव्या मुलांसाठी दारं उघडी ठेवली. २०१४ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान आजही तरुण कलावंतांना मदत करतं. आरांनी तेच केलं होतं. घेतलेली जागा अशी पुढे दिली जाते. मला कुणी स्टुडिओ दिलेला नाही, मी चित्रकारही नाही. पण आजोबांचा सोपा मला फुकटच मिळाला आहे, हे तर खरं.

परवा भाचीला घेऊन गावी गेलो. कुलपाला तेल घालावं लागलं, तेव्हा कुठे किल्ली फिरली. ती सोप्यात मधोमध उभी राहिली, भिंतींकडे पाहिलं, खिडकी उघडून उजेड कुठवर येतो ते पाहिलं, आणि पावलांनी लांबी मोजली. मग विचारलं, "मामा, ते पाचूय जाण हांगा मावतले?"

मावतील, असं मी म्हटलं. त्या अर्जाचं टिपण कुणी लिहिलं होतं, हेही मग तिथेच तिला सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. जाताना मात्र तिने खिडकी लावून घेतली आणि किल्ली माझ्या हातात न देता स्वतःच्या पिशवीत टाकली.